म्हशीच्या नावाचा काढा

किसन ओव्हाळांनी आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घेतला नाही, आणि आमच्या तेर-ढोकीच्या पट्ट्यात काळी बिअर पहिल्यांदा तयार झाली ती त्यांच्याच हातून. नवीन माणसाला हे सांगितलं की तो माझ्याकडंच संशयानं बघतो. ज्यांनी ओव्हाळांना पाहिलंय ते नुसते हसतात.

ते आमच्या गावच्या दूध सोसायटीत टेस्टर होते आणि मी सेक्रेटरी. म्हणजे दुधातलं पाणी ते पकडायचे आणि त्याबद्दलच्या शिव्या मी खायचो. बारीक अंगकाठी, पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली, नखं कापलेली. लॅक्टोमीटरची काचेची कांडी ते मऊ फडक्यात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवायचे आणि पेटी उघडताना आधी हात पुसायचे. सकाळी रांग लागली की प्रत्येकाच्या दुधात कांडी सोडायची, ती डुलायची थांबेपर्यंत श्वास धरून बघायचं आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. बाकी एक शब्द नाही.

"एकोणतीस."

म्हणजे दूध बरं. आकडा खाली गेला की पाणी. एकदा शेजारच्या वस्तीवरच्या एका बागायतदाराच्या दुधात कांडी बुडत बुडत गेली.

"बावीस," ओव्हाळ म्हणाले. मग अगदी काळजीनं विचारलं, "म्हस आज हिरीवर गेलती का?"

"न्हाय बा. गोठ्यातच हाय."

"मग हीर म्हशीकडं आली आसंल."

सगळी रांग हसली. बागायतदार आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. ओव्हाळांशी बोलला, कारण दूध त्यांच्याकडंच मापायचं होतं.

दुधाच्या मापानं जग मोजायची त्यांना सवयच लागली होती. सोसायटीच्या सभेत चेअरमन भाषणाला उभे राहिले की ओव्हाळ माझ्या कानात हळूच "एकवीस" म्हणायचे. लग्न जमवणारा मुलाचं कौतुक करून गेला की "एकोणीस, लई पानी." आणि कुणी मनापासून दोन शब्द बोललं तर मान डोलवून "तीसच्या वर हाय." माझं कधी तीसच्या वर गेलं नाही. मी विचारलं होतं.

त्यांची कांडी सगळ्या गावाच्या दुधात बुडायची हे सुरुवातीला दोन घरांना खपलं नव्हतं. ओव्हाळ बौद्ध. त्या घरांनी दूध घालायचं बंद केलं. आठवडाभर घरात दही, ताक, तूप करून करून बायका कंटाळल्या आणि नवव्या दिवशी दोन्ही घरची माणसं चरव्या घेऊन रांगेत उभी राहिली. ओव्हाळांनी काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं आकडा सांगितला. पण त्यांच्या घरचं पाणी मात्र गावात कुणी पीत नव्हतं. मीसुद्धा नाही.

हे मी सरळच सांगतो, कारण आता लपवून उपयोग नाही. कामासाठी मी त्यांच्या दारी कितीदा गेलो असेन. गावाच्या कडेला, लिंबाखाली त्यांचं घर. यमुनावहिनी, म्हणजे त्यांची बायको, तांब्या घेऊन यायची आणि मी म्हणायचो, "आत्ताच पिऊन आलो." भर उन्हात सायकल मारत आलेला माणूस, घशाला कोरड पडलेली आणि तोंडानं हे. एकदा ओव्हाळांना मी बाजूला घेऊन सांगूनही टाकलं होतं, "माझं काही नाही हो, पण आईला चालायचं नाही." त्यांनी मान हलवली आणि "बरं" म्हणाले. त्यानंतरही वहिनीचा तांब्या यायचा राहिला नाही.

बहात्तरच्या दुष्काळाला पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ दादाराव विलायतेहून आला. तो तिकडं पाइपाच्या कारखान्यात होता. त्यानं भावासाठी कोट आणला, वहिनीसाठी कढई आणली आणि एक भला जड डबा आणला. डब्यात काळा, काकवीसारखा दाट पाक, वर यीस्टची पुडी आणि एक छापील कागद. तिकडं म्हणे लोक दुकानातून असा डबा आणतात आणि घरच्या घरी काळी बिअर करतात. स्टाउट म्हणतात तिला. दादाराव स्वतः करायचा आणि दर रविवारी शेजारचा म्हातारा गोरा त्याच्याकडं प्यायला यायचा.

"तुज्या घरी?" ओव्हाळांनी विचारलं. मी तिथंच उंबऱ्याबाहेर उभा होतो.

"व्हय. कुपाटीवरनं सोताची खुर्ची टाकतो आन् येतो."

"खुर्ची त्येची?"

"खुर्ची त्येची. गिलास माजं."

दादाराव परत गेला, डबा राहिला. वहिनीनं तो घरात ठेवू दिला नाही. ओव्हाळांनी छप्पन साली बापाबरोबर दीक्षा घेतली होती, पंचशील रोज म्हणत होते, आणि त्यात दारू वर्ज्य. म्हणून डबा आमच्या ऑफिसच्या फळीवर आला. रोज सकाळी पेटी उघडताना ते त्याच्याकडं बघायचे. शेवटी एके दिवशी म्हणाले, "सेक्रेटरी, हा कागद वाचून दावा."

माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. मी वाचलं, "इथं लिहिलंय, सोपी स्टाउट."

"सोपी हाय तर करू की."

"तुम्ही? तुम्ही तर पीत नाही."

"मला कुटं प्यायची हाय? मला पाजायचीय." मग फळीकडं बघत म्हणाले, "माज्या अंगणात. माज्या गिलासात. विलायतेत गोरा पितो, मग हितं काय झालंय?"

एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यानंतर वर्षभर त्यांनी जे जे उद्योग केले ते या एका गोष्टीपायी.

वहिनीशी त्यांचा वाद झाला तो मी ऐकला. ओव्हाळ म्हणाले, "पिऊ नगा म्हनलंय. पाजू नगा आसं कुटं म्हनलंय?" वहिनी म्हणाली, "पाजनारा तर लईच शाना!" शेवटी तिनं तीन अटी घातल्या. घरात करायची नाही, घरातलं भांडं घ्यायचं नाही आणि कुणाकडून त्याबद्दल काही घ्यायचं नाही. ओव्हाळांनी तिन्ही मान्य केल्या आणि चौथी स्वतःच घातली. घरच्या पाण्यातलं तांब्याभरही घ्यायचं नाही, कारण उन्हाळा होता आणि हापशावर चार-चार तास रांग होती. कागदात पाणी लिहिलं होतं अर्ध्या कॅनभर. आठ दिवस टेस्टरसाहेब आंघोळीच्या वाट्याचं पाणी साठवत होते आणि नुसतं अंग पुसून कामावर येत होते. शर्ट तरी पांढराच.

सोसायटीचा एक पोचलेला, रद्द केलेला कॅन होता. तो त्यांनी राखेनं तीनदा घासला. ऑफिसच्या मागं चूल मांडली, डबा गरम करून पाक सोडला, साखर घातली आणि ढवळायला लागले. वास असा सुटला की रस्त्यावरची माणसं थांबली. भाजलेली भाकरी, जळका गूळ आणि काहीतरी कडवट. एक म्हातारी वाकून बघायला लागली.

"काय शिजतंय रं?"

परवान्याशिवाय असलं काही करणं म्हणजे नोकरी जायचं काम. मी घाबरून बोलून गेलो, "काढा आहे. म्हशीचा. दूध वाढायचा."

ओव्हाळांनी माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले. तेव्हा त्याचा अर्थ मला कळला नाही.

कागदात लिहिलं होतं, वीस-एकवीस अंशात ठेवा. आमच्या भिंतीवरचा थर्मामीटर एकोणचाळीस दाखवत होता. ओव्हाळ म्हणाले, "हे लिवनारा मानूस आपल्याकडं आलेला दिसत न्हाय." मग त्यांनी कॅन वाळूच्या खड्ड्यात ठेवला. संध्याकाळचं दूध सकाळपर्यंत टिकावं म्हणून आम्ही दुधाचे कॅन त्याच खड्ड्यात, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचो. त्यामुळं तो कॅन तिथं कुणाच्या डोळ्यावर येणार नव्हता. अगदी बरोबर होतं. चौथ्या दिवशी पहाटे दुधाची गाडी आली तेव्हा ड्रायव्हरच्याही डोळ्यावर आला नाही. त्यानं नेहमीसारखे खड्ड्यातले सगळे कॅन उचलले आणि शीतकरण केंद्रावर घेऊन गेला.

मी आलो तर ओव्हाळ रिकाम्या खड्ड्याशी उभे. म्हटलं, आता पोलीस येणार. ओव्हाळ म्हणाले, "पोलिस न्हंतर येतील. आदी वास येईल." आणि शांतपणे रांगेचं दूध मापायला लागले.

दुसऱ्या दिवशी गाडीबरोबर तिथल्या साहेबांची चिठ्ठी आली: 'एका कॅनमधील दूध काळे व फेसाळ आढळले. कारण कळवावे.' ओव्हाळांनी खिशातलं पेन काढलं आणि त्याच चिठ्ठीखाली सुरेख अक्षरात लिहिलं: 'काळे आहे ते दूध नाही. कॅन परत पाठवावा.' खाली सही, हुद्द्यासकट.

कॅन तिसऱ्या दिवशी परत आला. गार होता, आतला माल निवळला होता आणि चांगला तिसरा हिस्सा कमी होता. सोबत दुसरी चिठ्ठी होती, तिच्यावर सही नव्हती: 'पुन्हा केल्यास कळवावे.'

मी हसून हसून खाली बसलो. ओव्हाळ हसले नाहीत. म्हणाले, "प्याले. पन कुनाच्या हातचं हाय ते ठावं नव्हतं म्हनून प्याले. हे धरायचं न्हाय."

बाटल्यांसाठी त्यांनी तेरच्या एका सोडावाल्याकडून गोळीसोड्याच्या जुन्या बाटल्या आणल्या, दोन पाट्या भरून. प्रत्येकीत चिमूट साखर, वर काळा माल, आणि बाटली उलटी करून ठेवायची. आत वायू धरला की गोळी आपोआप तोंडाशी घट्ट बसते. ही युक्ती कागदात नव्हती, त्यांची स्वतःची. पंधरा दिवसांनी ऑफिसच्या मागं त्यांनी एक बाटली माझ्यासमोर धरली आणि अंगठ्यानं गोळी आत दाबली. फट्ट! तपकिरी फेस त्यांच्या बाहीवर आला.

"घ्या. मला चव सांगा. मला कळनार न्हाय कवाच, तुमी सांगितल्याबिगर."

मी बाटली वर धरली आणि धार तोंडात सोडली, ओठ न लावता. निम्मी शर्टावर सांडली. ओव्हाळ बघत होते.

"बाटलीला तोंड लावलं तरी चालंल," ते म्हणाले. "म्या लावलेलं न्हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी तोंड लावलं नाही. चव विचारली तेव्हा म्हणालो, "कडू. पण शेवटी बरी." त्यांनी ते खिशातल्या चिठोऱ्यावर लिहून घेतलं.

इकडं माझ्या थापेला पाय फुटले होते. म्हशीचा काढा झालाय, टेस्टर फुकट देतो, ही बातमी पाण्याच्या रांगेतून गावभर गेली. माणसं यायला लागली. "ओव्हाळ, म्हस आटलीय, येक बाटली द्या." ओव्हाळ द्यायचे. आता, आमच्याकडं शहाणा माणूस जनावराला काहीही पाजायच्या आधी स्वतः चाखून बघतो. गावात सगळेच शहाणे निघाले. चाखता चाखता बाटली संपायची आणि म्हशीला काही उरायचं नाही. मग दुसरी न्यायला यावं लागायचं.

दुसऱ्या दिवशी रांगेत ओव्हाळ एकेकाला विचारायचे.

"म्हशीला मानवलं का?"

"मानवलं की. लई हुशार झाली."

"झोप लागली का तिला?"

"व्हय. सकाळी उटंनाच."

"डोसकं दुखतंय म्हनली का?"

तो माणूस कपाळ चोळत पुढं सरकायचा. आणि ज्यांच्याकडं म्हैसच नव्हती तेही यायचे. एकानं बैलासाठी नेली, एकानं शेळीसाठी, आणि गावचा न्हावी आला तेव्हा ओव्हाळांनी त्याला विचारलंच नाही. सगळ्या गावात एका म्हशीनं मात्र खरोखरी काढा घेतला. आमच्या आईनं मी आणलेली बाटली आंबोणात ओतली आणि म्हशीच्या पुढं ठेवली. म्हशीनं घमेलं चाटून पुसून काढलं. दुधाचा आकडा होता तोच राहिला, पण त्या संध्याकाळी ती रेडकाला लाथ मारायची विसरली असं आई सांगत होती.

डब्यातला माल संपल्यावर ओव्हाळांनी स्वतःचा पुडा बनवला. मोड आणलेली ज्वारी, वाळवून तव्यावर काळी होईतो भाजलेली, ढोकीकडचा गूळ आणि कडवटपणाला काडेचिराईत. यीस्ट पहिल्या मालाच्या तळाचं, माझ्याच ऑफिसच्या माठामागं राखून ठेवलेलं; पोलिसांच्या भीतीनं माझा अर्धा जीव झाला होता. हे सगळं खाकी कागदात बांधून वर लिहायचे, 'सोपी'. एक पुडा, अर्धा कॅन पाणी. पावसाळा बरा झाला होता, त्यामुळं आंघोळीही चालू झाल्या. चव पहिल्यापेक्षा चांगली उतरली, हे मी बाटली वर धरूनच त्यांना सांगितलं.

पण ओव्हाळ खूश नव्हते. गाव त्यांच्या हातचं पीत होतं, आणि पीत नव्हतंही. बाटली दारातून घ्यायची, धोतरात लपवायची आणि म्हशीचं नाव सांगून घर गाठायचं. अंगणात कुणी टेकत नव्हतं. मी म्हटलं, "पितात ना शेवटी?" ते म्हणाले, "म्हस पिती, सेक्रेटरी. मानूस कुटं पितोय?"

दिवाळीनंतर दादाराव पुन्हा यायचा होता. त्याच्या पत्रानंतर एका सकाळी ओव्हाळांनी रांगेसमोर पेटी बंद केली आणि पहिल्यांदाच सगळ्या रांगेशी एकदम बोलले.

"रविवारी सांजच्याला माज्या अंगणात समद्यांनी यायचं. म्हशी आनू नगा. ज्येला प्यायचीय त्येनं सोता यायचं आन् बसून प्यायची. गिलास माजं."

रांगेत एकदम सगळ्यांना आपापल्या चरवीत काहीतरी दिसायला लागलं.

रविवारी मी गेलो. अंगण सारवलेलं, दोन बाजा टाकलेल्या, धाराशिवहून आणलेले बारा नवे काचेचे पेले फळीवर मांडलेले. दादाराव सूट घालून बसला होता. वहिनी दारात, हाताची घडी घालून. ओव्हाळांनी ठेवणीतला शर्ट घातला होता आणि पेले पुन्हा पुन्हा पुसत होते.

उन्हं कलली तशी माणसं आली, पण लिंबापर्यंतच. दहा-बारा जण तिथं घोटाळत उभे राहिले. एकजण जरा पुढं आला.

"ओव्हाळ, येक बाटली द्या. म्हस लई मलूल हाय."

"आज म्हशीला न्हाय. बसा."

"न्हाय, जरा घाई हाय."

तो मागं सरकला. दुसरा आला, त्याची म्हैस तापली होती. तिसऱ्याची व्यायला झाली होती. ओव्हाळ प्रत्येकाला एकच म्हणत होते, "बसा." कुणी बसत नव्हतं. दादारावनं भावाकडं बघून विचारलं, "कुटं हायती तुजं शेजारी?" ओव्हाळांचा हात पेल्यावर थांबला होता आणि मान खाली होती. त्या माणसाची मान खाली गेलेली मी कधी पाहिली नव्हती.

मी बाजेच्या कडेला टेकलो होतो. माझ्या हातात त्यांनी भरलेला पेला होता आणि लिंबाखालच्या सगळ्यांची नजर माझ्या हातावर होती. पेल्याला वरून धार धरता येत नाही. मी अंधार पडायची वाट बघत होतो. कुणी बघत नसताना मला जमलं असतं, आणि त्या वेळी मला त्याची लाजही वाटत नव्हती.

तेवढ्यात आमची आई आली. म्हैस तिला धार काढू देत नव्हती म्हणून मला शोधत गावभर हिंडून आली होती. लिंबाखालच्या माणसांनी तिला वाट दिली. ती सरळ अंगणात आली, मला बघितलं, पेला बघितला आणि मटकन बाजेवर बसली.

"यमुने, पानी आन गं. घसा वाळला माजा."

वहिनी क्षणभर जागची हलली नाही. मग तांब्या घेऊन आली. मी म्हणालो, "आई, अगं..."

"काय अगं?" आईनं तांब्याला तोंड लावलं आणि घटाघटा अर्धा रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं. "खडी फोडायला गेलते दुष्काळात, तवा वरीसभर हिच्याच हातचं पानी प्याले. डोक्यावर घागर घिऊन ही आमच्यामागं उनात पळायची. तू तवा लातूरला शिकत व्हतास."

ओव्हाळ मान वर करून म्हणाले, "आक्का, सेक्रेटरी तर म्हनत व्हते, तुमाला चालत न्हाय."

आईनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचं वर्णन मी आजही करू शकत नाही.

"माजं नाव सांगून हिंडत व्हतास व्हय रं? आन् मला पत्ताच न्हाय!"

लिंबाखाली कुणीतरी खुसकन हसलं. मी पेला तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. कडू होती. गार होती. भाजक्या ज्वारीचा वास नाकात गेला आणि डोळ्यांत पाणी आलं. कशामुळं ते मी सांगत नाही.

"आता खरी चव सांगा," ओव्हाळ म्हणाले.

"चांगली आहे हो. फार चांगली आहे."

ते माझ्याकडं बघत राहिले, कांडी थांबायची वाट बघावी तसे. मग म्हणाले, "तीस."

त्यानंतर लिंबाखालून न्हावी आला, आणि त्याच्या मागं आणखी तिघं. बाजेवर बसले. प्याले. सगळे आले असं मी म्हणणार नाही. बाकीचे अंधार पडल्यावर घरी गेले. पण फळीवरचे पाच पेले खरकटे झाले आणि ते ओव्हाळांनी वहिनीला धुवू दिले नाहीत, दादारावला दाखवत बसले. आईनं आपल्या म्हशीसाठी एक बाटली मागून घेतली. तिला कुणी हसलं नाही, कारण तिची म्हैस खरंच पीत होती.

त्यानंतर ओव्हाळांनी पुन्हा पुडा बांधला नाही. गावानं खूप गळ घातली. ते म्हणायचे, "पाजून झाली." आता त्यांच्या अंगणात माणसं अधूनमधून टेकत होती, चहाला. मीही वहिनीच्या हातचं पाणी प्यायला लागलो आणि आपण केवढी मोठी मजल मारली असं मला मनातून वाटत राहिलं.

चार वर्षांनी त्यांची माकणीकडच्या नवीन केंद्रावर बदली झाली. आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. सोसायटीनं हार घातला, चेअरमननी भाषण केलं आणि लोक पांगले. वहिनी सामानाबरोबर आधीच गेली होती. ओव्हाळ आणि मी एसटीची वाट बघत फाट्यावर उभे होतो. चैत्रातली दुपार, बस तासभर उशिरा. त्यांच्या हातात कांडीची पेटी, बाह्यांची बटणं लावलेली, कपाळावर घाम.

ते फाट्यावरच्या नळापाशी गेले. चावी फिरवली, ओंजळ धरली. नळ फुसफुसला आणि गप्प झाला. त्यांनी रिकामी ओंजळ झटकली आणि परत आले.

माझं घर फाट्यापासून शंभर पावलांवर. दार उघडं होतं, ते आम्हाला उभ्या जागेवरून दिसत होतं. आत माठ भरलेला होता, सकाळीच मी भरला होता. नऊ वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं, आणि त्या नऊ वर्षांत ओव्हाळ त्या दाराच्या आत एकदाही आले नव्हते. मी कधी या म्हटलंच नव्हतं. त्या वेळीही हे माझ्या डोक्यात आलं नाही, बस निघून गेल्यावर आलं.

बसचा धुरळा दिसला. ओव्हाळांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली आणि माझ्याकडं बघून हसले.

"ऱ्हाऊ द्या, सेक्रेटरी. फुडं ढोकीला पिऊ पानी."

मी म्हणालो, "बरं."